गाडीवर लिहिलंय, पण कोणासाठी?

लष्करी गाड्यांच्या मॉडेलिंगमधला माझा सगळ्यात आवडता टप्पा म्हणजे रंग वाळल्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावणं. सुटे भाग जोडून होतात, हिरवा किंवा वाळूचा रंग चढतो, तोवर ती कुठलीही गाडी असते. मग पाण्यात भिजवलेला आकडा चिमट्याने कागदावरून अलगद सरकवून टरेटवर, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावर, बसवला, की ती ठरावीक तुकडीची, ठरावीक महिन्यातली, ठरावीक माणसांची गाडी होते. प्रत्यक्षात तीन-चार इंचांची अक्षरं १/३५ प्रमाणात जेमतेम तीन मिलिमीटरची उरतात. ती सरळ बसवण्यात संध्याकाळ जाते आणि ती संध्याकाळ मला फार प्रिय आहे, कारण तेवढा वेळ मी त्या अक्षरांचा अर्थ शोधत असते.

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधला टायगर १३१ घ्या. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात हा जर्मन रणगाडा ब्रिटिशांच्या हाती लागला आणि आजही तो चालू स्थितीत आहे. टरेटवर लाल आकडे, त्यांना पांढरी कड. पहिली कंपनी, तिसरी प्लॅटून, पहिला रणगाडा. जर्मन चिलखती दलात हीच पद्धत सर्रास होती: पहिला आकडा कंपनीचा, दुसरा प्लॅटूनचा, तिसरा गाडीचा. रेजिमेंटच्या कमांडरचा रणगाडा 'आर ०१', पहिल्या बटालियनच्या कमांडरचा रोमन एक आणि पुढे ०१. धुरळ्यात, गोंधळात, रेडिओ बंद पडलेला असताना आपला म्होरक्या कुठे आहे हे सैनिकाला एका नजरेत कळायचं.

पण ते समोरच्या तोफेवरच्या माणसालाही कळायचं. आधी कोणाला उडवायचं हे जणू लिहूनच दिलेलं. म्हणून पुढे काही बटालियननी मुख्यालयाच्या गाड्यांना ००७ सारखे आकडे दिले, ज्यांवरून आत कोण बसलंय याचा अंदाज सहज येत नाही. नामांकित जर्मन रणगाडा-कमांडर मिखाएल विटमान ८ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्मंडीत मारला गेला तो रणगाडा ००७ क्रमांकाचा होता.

लष्करी गाडीवरची प्रत्येक खूण दोन्हीकडचे लोक वाचतात. आपल्या माणसाला ती लांबून दिसली पाहिजे आणि शत्रूला तिच्यातून काही मिळता कामा नये. ही दोन्ही कामं एकाच रंगाच्या डब्यातून कधीच पूर्ण होत नाहीत. त्यामुळे खुणा सारख्या बदलत राहतात, आणि बदलताना त्या सैन्याला त्या घडीला कसली भीती जास्त होती ते सांगून जातात. आपल्याच लोकांच्या गोळीची भीती जास्त असेल तर खूण मोठी होते, शत्रूच्या गोळीची जास्त असेल तर लहान. मी जुने फोटो बघते ते असे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून गेलेल्या जर्मन रणगाड्यांवर भरीव पांढरे क्रॉस होते, ठसठशीत, चहूबाजूंनी. पोलिश रणगाडाविरोधी तोफांना नेम धरायला याहून चांगली जागा कोणती? चालक दलांनी त्यांवर चिखल फासला, कोणी मधला भाग दुसऱ्या रंगाने भरून टाकला. नंतर भरीव पांढरा क्रॉस गेलाच. त्याच्या जागी काळा, पांढऱ्या कडेचा, बेताच्या आकाराचा आला. १९४० च्या फ्रान्समधल्या फोटोंत इंजिनाच्या झाकणावर स्वस्तिकाचे लाल झेंडे पसरून बांधलेले दिसतात. आकाशात त्यांचंच राज्य होतं, भीती फक्त स्वतःच्या विमानांची. चार वर्षांनी नॉर्मंडीत त्याच जागी झाडाच्या फांद्या आहेत. आकाश आता दुसऱ्याचं होतं.

अमेरिकी पांढऱ्या चांदणीचंही असंच झालं. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत उतरताना अमेरिकी गाड्यांवर चांदणीबरोबर चक्क आपला झेंडा रंगवला होता, कारण किनाऱ्यावर जर्मनीशी तह केलेल्या व्हिशी सरकारचं फ्रेंच सैन्य होतं आणि समोर ब्रिटिश नसून अमेरिकन आहेत हे पाहून ते बंदुका खाली ठेवतील अशी आशा होती. मुद्दाम समोरच्याने वाचावी म्हणून काढलेली खूण! पुढे ट्युनिशियात काही तुकड्यांनी चांदणी पिवळी केली. पांढरी चांदणी लांबून जर्मन क्रॉससारखी दिसते अशी तक्रार होती, म्हणून तिच्याभोवती वर्तुळ आलं. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या ब्रिटिश, कॅनेडियन, पोलिश गाड्यांवरही चांदणी होती, वर्तुळासह आणि मुख्यतः वरच्या बाजूला, आपल्या विमानांना दिसावी अशी. बाजूच्या चांदण्या मात्र अनेक रणगाड्यांवर चिखलाने किंवा हिरव्या रंगाने बुजवलेल्या दिसतात. माझ्या शर्मन या अमेरिकी रणगाड्यावरची बाजूची चांदणी मी आधी नीट बसवली, मग स्पंजच्या तुकड्याने तिच्यावर हिरवा रंग थोपटला, कडा थोड्या दिसतील असा. बघणारे विचारतात, एवढी मेहनत करून झाकलीस कशाला? त्या रणगाड्यावरच्या माणसांनी झाकली होती म्हणून.

अमेरिकी बंपर हा तर स्वतंत्र विषय. जीपच्या बॉनेटच्या बाजूला लिहिलेला लांबलचक क्रमांक गाडीची जात सांगतो. जीपचा २० ने सुरू होतो, रणगाड्याचा ३० ने. बंपरवर डावीकडून वाचायचं: आधी डिव्हिजन, मग रेजिमेंट किंवा बटालियन, मग कंपनी, शेवटी त्या कंपनीतल्या गाडीचा अनुक्रमांक. नुसता आकडा असेल तर इन्फन्ट्री डिव्हिजन. आकड्यापुढे त्रिकोण असेल तर चिलखती. 'आय' म्हणजे पायदळ, 'एफ' म्हणजे फील्ड आर्टिलरी, 'ई' म्हणजे इंजिनिअर. 'सी' कंपनीच्या बाराव्या गाडीचा ड्रायव्हर रात्री उशिरा पोहोचला, तरी चौकातला मिलिटरी पोलीस बंपरवर बॅटरी मारून त्याला बरोबर रस्त्याला लावणार. हजारो गाड्या एका अरुंद रस्त्यावरून पुढे सरकवायच्या तर हे असं सरळसोट लिहिलेलं लागतंच.

आणि सरळसोट लिहिलेलं असल्यामुळेच ते इतकं धोक्याचं. युद्धकाळात छापून आलेल्या फोटोंत बंपर पुष्कळदा कोरे दिसतात, दंडावरची चिन्हंही गायब. सेन्सॉरने ती खरवडून किंवा रंगवून काढलेली असतात. मोठं करून पाहिलं की फोटोच्या बाकी रवाळ पोतात तेवढाच एक गुळगुळीत चट्टा सापडतो. एखादी डिव्हिजन कुठे आहे एवढं कळलं तरी शत्रूच्या नकाशावर एक टाचणी लागते.

मग त्या टाचण्या चुकीच्या जागी लावून घेण्याचीही कला आली. अमेरिकेची तेविसावी हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स ही सुमारे अकराशे माणसांची तुकडी, जिला पुढे 'घोस्ट आर्मी' नाव पडलं. त्यांच्याकडे फुगवायचे रबरी रणगाडे होते, रणगाड्यांचे आवाज वाजवणारे प्रचंड लाउडस्पीकर होते, खोटे रेडिओ संदेश होते. या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते स्टेन्सिल आणि रंगाचं काम. दुसऱ्या डिव्हिजनची चिन्हं दंडावर शिवायची, तिचे आकडे बंपरवर रंगवायचे आणि मोजकेच ट्रक गावातून फिरवून फिरवून नेत राहायचे, म्हणजे खिडकीतून बघणाऱ्या कोणाही हेराला मोठा ताफा गेल्यासारखं वाटेल. सप्टेंबर १९४४ मध्ये मेट्झच्या उत्तरेला मोझेल नदीवरची एक विरळ फळी त्यांनी अशीच सहाव्या चिलखती डिव्हिजनचं सोंग घेऊन भरून काढली. या तुकडीत चित्रकार, डिझायनर, जाहिरातीतली माणसं भरली होती. अक्षर नीट काढता येणं हे लष्करी कौशल्य ठरलं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बेल्जियममधल्या आर्देनच्या लढाईत, जर्मनांनी उलट बाजूने तेच केलं. जर्मन कमांडो अधिकारी ओटो स्कोर्झेनीच्या १५० व्या पँझर ब्रिगेडने पँथर रणगाड्यांवर पत्रे ठोकून त्यांना एम-१० या अमेरिकी रणगाडाविरोधी गाडीचं रूप दिलं, ऑलिव्ह हिरवा रंग दिला, चांदण्या काढल्या आणि बंपरच्या जागी अमेरिकी पद्धतीने लिहिलं: पाच आणि त्रिकोण, दहा आणि त्रिकोण, 'बी ७', 'बी १०'. म्हणजे पाचवी चिलखती डिव्हिजन, दहावी टँक बटालियन, बी कंपनी. याच पँथरचं मॉडेल सध्या माझ्या टेबलावर अर्धवट आहे. आपल्याच माणसांनी या गाड्या उडवू नयेत म्हणून त्यांनी मागच्या बाजूला एक लहानसा पिवळा त्रिकोण काढायचा असं ठरवलं होतं. शत्रूची खूण अंगावर घेतली की आपल्या माणसांसाठी आणखी एक गुप्त खूण काढावी लागते. २१ डिसेंबरला माल्मेडीजवळ हा हल्ला फसला. युद्धानंतर, १९४७ मध्ये, शत्रूचा गणवेश वापरल्याबद्दल स्कोर्झेनीवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

आजच्या युद्धांबद्दल थोडक्यात, कारण ही ओढाताण अजून संपलेली नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिका आणि तिच्या सहकारी देशांच्या गाड्यांवर उलट्या 'व्ही'ची खूण होती. तरीही ३५ अमेरिकी सैनिक स्वतःच्याच बाजूच्या माऱ्यात मेले. रात्री, लांबून, उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत रंगवलेली रेघ दिसतच नाही. त्यामुळे पुढे त्या दुर्बिणीत वेगळ्या दिसतील अशा पट्ट्या आल्या. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंकडे सोव्हिएत घडणीचे तेच ते रणगाडे आहेत, म्हणून २०२२ मध्ये रशियन गाड्यांवर 'झेड', 'व्ही', 'ओ' आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या खार्किव्ह मोहिमेत युक्रेनच्या गाड्यांवर पांढरे क्रॉस. 'झेड'ला रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने घोषणा चिकटवली, मग ते अक्षर कपड्यांवर आणि जाहिरातींच्या फलकांवर गेलं, आणि लॅटव्हिया, लिथुआनियासारख्या देशांनी ते मिरवण्यावर बंदी घातली. 'माझ्यावर गोळी झाडू नकोस' एवढंच म्हणू शकणाऱ्या खुणेला मुद्दाम दुसऱ्यांना धमकावायला लावलं, याचा मला संताप येतो.

शत्रूशी काहीएक घेणंदेणं नसलेली खूण म्हणजे पिवळी गोल चकती. ब्रिटिश गाड्यांच्या पुढच्या बाजूला असते, तिच्यावर काळा आकडा. हा गाडीचा भारवर्ग, म्हणजे ती पुलावर किती भार टाकते त्याचा आकडा. पुलाच्या तोंडाशीही तसाच आकडा लावलेला असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर थांबायचं, मागे कितीही अधिकारी ओरडोत. जीपचा आकडा अगदी लहान, शर्मनचा तिशीत, चर्चिल रणगाड्याचा ४०. इंजिनिअरांनी होड्यांवर उभारलेला हलका पूल ९ वर्गाचा असायचा, तर नेहमीचा बेली पूल, म्हणजे पोलादी सुटे भाग जोडून उभारलेला, ४० वर्गाचा. ट्रक आणि जीप पहिल्या पुलावरून पुढे जायच्या आणि रणगाडे दुसरा पूल होईपर्यंत अलीकडे अडकून पडायचे. नदीपलीकडच्या पायदळाला रणगाड्यांची मदत किती वेळाने मिळणार, हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावर ठरायचं. नाटोच्या गाड्यांवर पिवळी चकती आजही आहे.

ब्रिटिशांची बाकीची पद्धत मला अमेरिकेपेक्षा शहाणपणाची वाटते. त्यांनी माहिती दोन ठिकाणी विभागली. एका मडगार्डवर रंगीत चौकोन आणि त्यात पांढरा आकडा: तोफखान्याचा चौकोन वर लाल, खाली निळा, डिव्हिजनच्या मुख्यालयाचा काळा, आकडा ४०, इन्फन्ट्री डिव्हिजनमधल्या ज्येष्ठ ब्रिगेडचा लाल, दुसरीचा हिरवा, तिसरीचा तपकिरी. हे आकडे प्रत्येक डिव्हिजनमध्ये तेच. त्यामुळे नुसता चौकोन पाहून गाडी कुठल्या डिव्हिजनची ते कळत नाही. ते सांगायला दुसऱ्या बाजूला डिव्हिजनचं चित्र: सातव्या आर्मर्डचा वाळवंटी उंदीर, गार्ड्स आर्मर्डचा उघडा डोळा, अकराव्या आर्मर्डचा काळा बैल. गुप्तपणे हलायचं असेल तर तेवढं चित्र बुजवलं की झालं. एक्कावन्नाव्या हायलँड डिव्हिजनला मात्र लपण्याची हौस नव्हती. त्यांनी आपलं 'एचडी' रस्त्याकडेच्या भिंतींवर इतकं रंगवलं, की बाकीचे त्यांना 'हायवे डेकोरेटर्स' म्हणू लागले.

या चित्रांत मला सगळ्यात जवळची वाटतात ती भारतीय डिव्हिजनांची. चौथीचा लाल गरुड, एरिट्रियातल्या केरेनपासून इटलीतल्या कसिनोपर्यंत गेलेला. पाचवीचा काळ्यावर लाल गोळा. सातवीचा सोनेरी बाण, विसावीची तलवार धरलेली मूठ, तेविसावीचा कोंबडा, पंचविसावीचा इस्पिकचा एक्का, सव्विसावीचा वाघ. एकोणिसावीच्या चिन्हात खंजीर उगारलेला हात होता. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशातलं मंडाले घेतलं ते तिने. सतराव्या डिव्हिजनचं पहिलं चिन्ह विजेचं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना सितांग नदीवरचा पूल उडवला गेला तेव्हा तिची निम्म्याहून जास्त माणसं नदीच्या चुकीच्या बाजूला राहिली. पुढे तिने काळं मांजर घेतलं आणि त्या मांजराखाली ती ब्रह्मदेशात परत गेली. एका डिव्हिजनमध्ये मराठी, पंजाबी, तमिळ, गुरखा, इंग्रज एकत्र असताना चित्रच हवं होतं. गरुड ओळखायला लिपी लागत नाही. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते होते दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला, ते आठव्या डिव्हिजनमध्ये, जिच्या गाड्यांवर तीन क्लोव्हर पानं होती. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने यातली बरीच चिन्हं टिकवली. लाल गरुड, काळं मांजर, खंजीर आजही आहेत.

यांखेरीज उरतात ती चालक दलांनी स्वतः लिहिलेली नावं. त्यांतही शिस्त होती. पहिल्या महायुद्धात 'डी' बटालियनच्या रणगाड्याचं नाव 'डी'वरून असायचं. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेच्या लढाईत निकामी झालेला 'डेबोरा' १९९८ मध्ये फ्लेस्किएर गावात जमिनीखालून खणून काढला. अमेरिकी 'सी' कंपनीचा 'कोब्रा किंग' २६ डिसेंबर १९४४ ला वेढ्यात अडकलेल्या बेल्जियममधल्या बास्तोनला सगळ्यात आधी पोहोचला. फोटोसाठी त्याच्या अंगावर खडूने 'बास्तोनमध्ये पहिले' असं लिहिलेलं दिसतं. नंतर ते नाव रंगाखाली गेलं आणि तो रणगाडा जर्मनीतल्या अमेरिकी तळावर शोभेसाठी उभा राहिला, कितीतरी वर्षं कोणाच्याही ओळखीला न येता. ओळख पटली ती धातूत कोरलेल्या क्रमांकावरून. आणि सोव्हिएत संघातली मारिया ओक्त्याब्रस्काया. १९४१ मध्ये नवरा मारला गेल्यावर तिने होतं नव्हतं ते विकून टी-३४ रणगाड्यासाठी पैसे दिले, तो आपल्यालाच चालवायला मिळावा अशी अट घातली आणि टरेटवर 'लढाऊ मैत्रीण' असं लिहिलं. जानेवारी १९४४ मध्ये ती जखमी झाली, मार्चमध्ये गेली. हे नाव कोणत्याही नियमात नव्हतं. मी ते मॉडेलवर डिकलने लावलं नाही, बारीक ब्रशने लिहिलं.

आता एक विनंती. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय सैन्यात होते, तेव्हा ट्रकच्या मडगार्डला टेकून उभ्या असलेल्या तरुणाचा फोटो कोणाकोणाच्या घरी असणारच. तो स्कॅन करताना चेहऱ्यापुरता कापू नका. पूर्ण फोटो, मागच्या बाजूसह, जास्तीत जास्त रिझोल्यूशनवर घ्या. मग दोन्ही मडगार्ड तपासा: एकीकडे चित्र, एकीकडे चौकोन. रंगांबाबत मात्र सावध राहा. त्या काळातल्या साध्या कॅमेऱ्यांत ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरली जायची आणि तिला लाल रंग कळत नाही. त्यामुळे लाल जवळपास काळा उमटतो आणि निळा फिकट. तोफखान्याच्या चौकोनाचा वरचा अर्धा भाग गडद आणि खालचा उजळ दिसतो. काळ्यावरचा लाल गरुड तर नुसता काळा ठिपका वाटतो. फाइलचा उजळपणा वाढवून, काळ्या भागाचा कॉन्ट्रास्ट ताणून पाहा. पुष्कळदा पंखाची कड बाहेर येते. चौकोनातला आकडा आणि डिव्हिजनचं चित्र दोन्ही ओळखता आले, तर त्यांवरून नेमकी बटालियन शोधता येते.